तूळ राशीचे सहा ग्रॅम

मॅडमनी केबिनच्या दारातून "जरा आत या" म्हटलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हा गोळा आजचा नाही. सव्वीस वर्षांत सात साहेब आले आणि बदलून गेले, गोळा मात्र कायम आहे. त्याची बदली कुणी केली नाही. मी मुळातच घाबरट माणूस. जाड लिफाफा आला की आधी तो उजेडाकडे धरून बघतो. डॉक्टर नाडी धरून गप्प बसले तर मला घाम फुटतो. आयुष्यभर मी नाकासमोर चालत आलो तेही एवढ्याचसाठी, कारण वाकड्या वाटेने जायला जे काळीज लागतं ते माझ्यापाशी नाही. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात आणि मी त्यांचा गैरसमज दूर करायला जात नाही.

आमचं कार्यालय वजनमापांचं. दुकानदारांची वजनं आणि तराजू तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर जप्त करायचे. ज्यांच्याशी ताडून बाकीच्यांचं खरंखोटं ठरवायचं ती प्रमाण वजनं आणि तो मोठा पितळी तराजू एका वेगळ्या खोलीत काचेच्या कपाटात असतात, आणि ती खोली हेडक्लार्क म्हणून माझ्या ताब्यात आहे. तीन वर्षांपूर्वी विजेवर चालणारं यंत्र आलं आणि तराजू निवृत्त झाला. त्याआधीची तेवीस वर्षं तो आणि मी मिळून सगळ्या बाजाराला घाबरवत होतो. माझ्या हयातीत मी कुणाला घाबरवलं असेल तर ते तेवढंच, आणि तेही अर्थात तराजूच्या आडून.

मॅडमचं काम क्षुल्लक होतं. कार्यालयाला पन्नास वर्षं होत होती, सोमवारी छोटं प्रदर्शन होतं. आमच्या शिक्क्यावर तराजूचं चित्र, म्हणून त्यांना एक फलक हवा होता: तूळ राशीला हे नाव कसं पडलं आणि त्याचा अर्थ काय. एक पानभर मजकूर, आणि फलकाखाली तो जुना तराजू, चकचकीत करून. "तुमची रास कोणती?" त्यांनी विचारलं. मी तूळ म्हटलं. "मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. माझे प्रश्न नेमके तिथून सुरू झाले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांना काही विचारायचं म्हणजे तासाभराची रजा टाकून जावं लागतं. मी विचारलं. मास्तर म्हणाले, तूळ म्हणजे तुला, तुला म्हणजे तोलायचं साधन, इथपर्यंत सोपं आहे. मी लिहून घेतलं आणि उठायला लागलो, तर त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणाले, फार पूर्वी काही देशांतल्या लोकांना तिथे तराजू दिसतच नव्हता. त्यांना तिथे शेजारच्या वृश्चिकाच्या, म्हणजे विंचवाच्या, पुढे पसरलेल्या दोन नांग्या, शेपटीची नव्हे तर खेकड्यासारखे चिमटे, दिसत. त्या राशीतल्या दोन ठळक ताऱ्यांच्या परदेशी नावांचा अर्थ आजही दक्षिणेची नांगी आणि उत्तरेची नांगी असाच आहे. पुढे सूर्य त्या ताऱ्यांपाशी आला की दिवस आणि रात्र सारखे होतात हे ध्यानात आलं, आणि तराजू हे नाव पक्कं झालं. नांग्यांची पारडी झाली.

"म्हणजे आता सूर्य तिथे आला की दिवसरात्र सारखे होतात," मी लिहिता लिहिता म्हणालो.

"आता नाही होत," मास्तर शांतपणे म्हणाले. "दोन हजार वर्षांत सगळं सरकलंय. आता सूर्य तेव्हा कन्येत असतो."

माझं पेन थांबलं. सबंध आकाशात एकच तराजू, तो दोन हजार वर्षांत जागेवरून सरकतो आणि कुणी फेरतपासणी करत नाही, हे ऐकून मला कसंसंच झालं. आमच्याकडे दर दोन वर्षांनी फेरतपासणी असते. मास्तरांनी मग आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या जुन्या वर्णनात नुसता तराजू नाही, बाजारात तराजू धरून असलेला माणूस आहे. मी विचारलं, हा माणूस दुकानदार की तपासायला आलेला? मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ते इतक्या लांबून दिसत नाही.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिची रास वृश्चिक. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा खुलत गेला. "म्हणजे तुमचं सगळं दुकान माझ्या नांग्यांवर चाललंय," ती म्हणाली. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तुमचं बिऱ्हाड विंचवावर." लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण याचा पुरावा आकाशात सापडेल असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी बाल्कनीतूनच ऐकलं आणि वर्तमानपत्रातलं आठवड्याचं भविष्य वाचून दाखवलं. तूळ: झाकलेलं उघडं पडेल, हातच्या वस्तू जपा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी फक्त ते दोनदा वाचायला सांगितलं.

आता तराजू खोलीबाहेर काढायचा तर अर्ज लागतो. अर्जदार मी, खोलीचा ताबेदार म्हणून शिफारस करणारा मी, आणि छाननी करणाराही मीच. मी अर्ज केला. छाननी करताना लक्षात आलं की कारणाच्या रकान्यात नुसतं 'प्रदर्शन' लिहिलंय, सविस्तर खुलासा नाही. मी तो अर्ज मलाच परत पाठवला. नियम तो नियम. उद्या कुणी म्हणायला नको की स्वतःचा अर्ज म्हणून डोळेझाक केली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त अर्ज आला तेव्हा मला स्वतःचा थोडा रागच आला होता, पण मंजूर केला. मग सफाईवाल्यांनी सांगितलं की पितळ त्यांच्या यादीत नाही. तेव्हा घरी नेण्याचा परवाना काढला, आणि शनिवारी दुपारी तराजू आणि बारक्या वजनांची डबी चादरीत गुंडाळून निघालो. वीस वर्षं मला रोज ओळखून हसणाऱ्या दरवानाने माझं ओळखपत्र मागितलं.

वाटेत कोपऱ्यावरचं किराणा दुकान लागतं. या दुकानदाराशी आमचं चार वर्षं बोलणं नाही. चार वर्षांपूर्वी त्याचं किलोचं वजन मी याच तराजूत घातलं होतं आणि ते सहा ग्रॅम हलकं निघालं होतं. वजन जप्त झालं, दुकानाला पंधरा दिवस सील लागलं, शटरवर नोटीस चिकटली. तेव्हापासून लोकांनी त्याचं नाव 'नऊशे चौऱ्याण्णव' ठेवलं. त्यानेही हात आखडता घेतला नाही. तपासणी खोटी, हेडक्लार्कने जुना राग काढला, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला साखरेच्या पुड्याबरोबर बांधून देत होता. लोकांनी त्याला नाव ठेवलं आणि माझ्याबद्दल शंकाही ठेवली, म्हणजे दोन्हीकडून मजा घेतली. माझी बायको तेव्हापासून किराण्यासाठी पंधरा मिनिटं लांब चालत जाते. त्या दिवशी त्याने चादरीतून डोकावणारी दांडी पाहिली आणि तोंड फिरवलं.

पितळ कसं घासावं यावर इमारतीत एकमत नव्हतं. काकू लिंबू म्हणाल्या, मास्तर व्हिनेगर आणि मीठ, बायको दंतमंजन. कुणाला दुखवायला नको म्हणून मी तिन्ही लावलं. वास्तविक तराजूच्या कपाटातल्या पाटीवर नियम लिहिलेला आहे: 'कोरड्या मऊ फडक्याने वरून पुसावे. इतरत्र हात लावू नये.' तेवीस वर्षं मी इतरत्र हात लावला नव्हता. पण प्रदर्शन म्हणजे लोक वाकून बघणार. पारडी उलटी केली तर डाव्या पारड्याच्या पोटाशी वाटाण्याएवढा काळा कुळकुळीत खडा चिकटलेला. एवढा मळ साचू दिल्याची मला लाज वाटली. अर्धा तास स्क्रू ड्रायव्हरने खरवडून मी तो काढला, कचऱ्यात टाकला, आणि संध्याकाळच्या गाडीबरोबर तो गेला. पारडं इतकं लखलखलं की बायकोने त्यात आपली टिकली सारखी केली.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी तराजू दाराच्या कडीला टांगून पाहिला. दोन्ही पारडी रिकामी. उजवं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

मी दांडी सरळ केली, पंखा बंद केला, खिडकी लावली, श्वास रोखला. उजवं पारडं खालीच. डबीतलं एकेक बारकं वजन डाव्या पारड्यात घालत गेलो. एक, दोन, पाच, मग पाचावर एक ठेवून सहा. सहाला दांडी आडवी झाली. तपासायचं वजन आम्ही नेहमी डाव्या पारड्यात ठेवतो आणि प्रमाण वजन उजव्या. म्हणजे उजवीकडे सहा ग्रॅम झुकणाऱ्या या तराजूत जो कुणी खरं किलो घेऊन येईल, त्याचं नऊशे चौऱ्याण्णवच भरणार होतं.

तो माणूस खरा होता आणि आमचा तराजू खोटा होता. हे मनात आलं आणि मी डबीचं झाकण लावून टाकलं. मग बाकीचे आठवायला लागले. भाजीवाले, भंगारवाला, तेलघाणीवाला, आणि तो म्हातारा सोनार, ज्याने माझ्यासमोर हात जोडले होते. तेवीस वर्षांत मी किती जणांना बदनाम केलं होतं? चौकशी होईल, निलंबन होईल, हे तर होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी भित्रा आहे हे मला ठाऊक होतं, पण मी निदान खरा आहे यावर माझी सगळी मदार होती. तीच आता उजव्या पारड्यासारखी खाली गेली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने ऐकून घेतलं आणि तराजूवर चादर टाकली. काकूंनी भिंतीपलीकडून सल्ला दिला की गप्प बसा, माझा भाचा वकील आहे. मास्तर जिन्यावर भेटले. ते म्हणाले, घाईने काही कबूल करू नका, तराजू आधी कसा होता आणि आता असा का झाला ते तपासा. किती शहाणं बोलले होते ते. पण भ्यालेल्या माणसाला शहाणपण ऐकू येत नाही. तेवढ्यात खालून रस्त्यावर कुणीतरी हाक मारली, "ए नऊशे चौऱ्याण्णव, साखर आली का?" आणि चार-पाच जण हसले. चार वर्षं मी ही हाक ऐकून मनात सुखावत होतो. आज ती छातीत घुसली.

"जाऊन सांगा त्याला," बायको म्हणाली. "नाहीतर तुम्ही जेवणार नाही, आणि मग मीही जेवणार नाही."

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी फळीसमोर उभा राहिलो. त्याने वर पाहिलं नाही. वाटेत पाठ केलेलं भाषण विसरून मी एका दमात म्हणालो, "तुमचं वजन बरोबर होतं. आमचा तराजू खोटा आहे. चार वर्षांपूर्वी चूक माझी झाली. मला माफ करा, उद्या मी मॅडमना लेखी सांगणार आहे."

तो उठला, फळीबाहेर आला आणि शटर अर्ध्यावर ओढलं. मला वाटलं, झालं, आता हा मला मारतो. त्याचे हात पोती उचलून उचलून भक्कम झालेले आहेत. मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच लागलं नाही म्हणून उघडले, तर तो तांदळाच्या पोत्यावर मान खाली घालून बसला होता.

"भाऊसाहेब, तुम्ही हे काय करून ठेवलंत?" तो म्हणाला. "वजन मीच पोखरलं होतं."

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. त्यानेच वजन बरोबर करतात आणि त्यावरच आमचा शिक्का उमटतो. त्याने शिक्क्याच्या कडेने टोकरून ते शिसं थोडं काढलं होतं. एकदाच, असं तो म्हणाला. पकडला गेला तेव्हा लाज वाटली, आणि लाज झाकायला त्याने माझं नाव पुढे केलं. सांगत सांगत चार वर्षांत त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. "मी तुम्हाला रोज शिव्या दिल्या," तो म्हणाला. "आता तुम्हीच येऊन माफी मागताय. मग मी कुठं जाऊ?"

मला काय वाटावं तेच कळेना. आनंद झाला, मग राग आला, मग पुन्हा भीती वाटली, कारण त्याचं वजन खोटं होतं तर तराजू तेव्हा खरा होता, आणि तेव्हा खरा होता तर आता त्याला काय झालं? मी हे मोठ्याने बोललो असणार. त्याने मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत धंद्यातली हुशारी चमकली.

"पारडं खालून घासलंत का?"

मी हो म्हटलं.

"वाटाण्याएवढं काही निघालं? काळं?"

मी पुन्हा हो म्हटलं.

"तो पासंग होता," तो म्हणाला. पासंग म्हणजे हलक्या पारड्याला दोन्हीकडे समतोल यावा म्हणून लावलेलं वजन. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. फक्त प्रमाण तराजूच्या ताबेदाराला ते मळ वाटलं होतं. माझ्याआधीच्या कुणीतरी कधीकाळी शिशाचा तुकडा लाखेने चिकटवून तराजू खरा केला होता आणि 'इतरत्र हात लावू नये' अशी पाटी लावून निवृत्त झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

कचरागाडी कालच गेली होती. दुकानदार उठला, गल्ल्यामागच्या फडताळातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आत शिशाचे चुरगळलेले तुकडे होते. त्याच्या वजनातून काढलेले. फेकायचं धाडस झालं नाही आणि वापरायचंही झालं नाही, असं तो म्हणाला. मी ते घरी आणून तोलले नाहीत, कारण ते किती भरणार हे आम्हा दोघांना पाठ होतं. तो माझ्याबरोबर घरी आला, त्याने मेणबत्तीवर लाख वितळवून दिली, मी ते तुकडे डाव्या पारड्याच्या पोटाला चिकटवले आणि दांडी आडवी झाली.

आता खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला मोह झाला. चार वर्षं ज्यांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं त्या सगळ्यांना, काकूंपासून सुरुवात करून, एकेकाला थांबवून सांगावं की तो स्वतः कबूल झाला. पण सांगितलं तर तो माणूस नऊशे चौऱ्याण्णवाच्याही खाली जाणार. मी बाल्कनीपर्यंत गेलो आणि परत आलो. काकूंनी काय झालं विचारलं, मी म्हटलं, तराजू ठीक आहे, माझीच घासण्यात चूक झाली. त्या म्हणाल्या, त्यांना हे आधीच वाटलं होतं.

सोमवारी प्रदर्शन उघडण्यापूर्वी मी मॅडमच्या केबिनमध्ये न बोलावता गेलो. सव्वीस वर्षांत प्रथमच. पासंग मळ समजून काढला आणि नवा लावला, हे सगळं सांगितलं. मॅडमनी दुरुस्तीची नोंदवही पुढे सरकवली. काय बदलले: पासंग. साहित्य: शिसे, सहा ग्रॅम. पुढचा रकाना होता: कोठून आणले. मी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. मॅडम बघत होत्या.

"स्वतःचे," मी लिहिलं. माझ्या नोकरीतली ही एकमेव खोटी नोंद. मला त्याबद्दल नाही, पण प्रमाण तराजू लिंबाने घासल्याबद्दल लेखी समज मिळाली, आणि ती सेवापुस्तकात लागली आहे. फलक लोकांना आवडला. त्यातली नांग्यांची गोष्ट वाचून बायकोने सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिलं. दुकानदार कोपऱ्यात उभा होता. तो फलक वाचत नव्हता, वाकून डाव्या पारड्याखाली बघत होता.

बायको आता पुन्हा कोपऱ्यावरच किराणा घेते. कधी मीही जातो. लोक त्याला अजून नऊशे चौऱ्याण्णव म्हणतात. माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी ऐकू न आल्यासारखं करतो, तोही करतो. परवा त्याने साखर तोलली आणि पारडं माझ्या बाजूला बोटभर झुकू दिलं. मला घाम फुटला. ही भेट आहे, की आभार, की लाच? मी पारड्यातली चिमूटभर साखर काढून परत पोत्यात टाकली. त्याने पुन्हा चिमूटभर घातली. मी पुन्हा काढली. आमच्या मागे रांग लागली तरी दांडी आडवी होईपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून तिच्याकडे बघत उभे होतो.